शेवटचा रकाना

लेलो आली तेव्हा मी काच पुसत होतो.
"मोठा दाखव, एन्डेल. पंधरा इंचांत डोळे गेले माझे."
कुरेसारेच्या या गल्लीत मॉनिटर विकणारा मी एकटा,
त्यामुळे खोटं बोलायची वेळ फारशी येत नाही.

सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं:
इंच तिरके मोजायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
पण इंच म्हणजे नुसती जाळ्याची लांबी.
ठिपके किती, ती जाळ्याची घरं.
तेवढ्याच जाळ्यात घरं दुप्पट विणलीस
तर चिंगळीसुद्धा निसटायची नाही,
फक्त अक्षरं मुंगीएवढी होतील.
ती हसली. तिचा बाप हेरिंग धरायचा.

सत्तावीस इंच नेला.
पंचवीसशे साठ बाय चौदाशे चाळीस.
रात्री अकराला फोन:
"अरे, जुनिपरच्या एकेका काट्याला
स्वतःची सावली आहे!"

त्या पडद्यावर तिनं बोटीचं वेळापत्रक मांडलं.
डावीकडे समुद्राचा निळा पट्टा, मग सात रकाने,
मध्ये श्वास घ्यायला ऐसपैस जागा.
नाताळच्या टेबलावर चादर अंथरावी
तसं ते उघडायचं. मी स्वतः पाहिलंय.

धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहात
एक जुना सतरा इंची आहे, पाठीला पोक, दातांसारखा पिवळा.
मीच विकलेला. हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट.
ऑक्टोबरात त्याच्यापुढे आउगुस्त उभा राहिला,
काखेत धुरी दिलेला मासा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
पलीकडच्या इस्पितळात असलेल्या साल्मेसाठी.
सहा रकाने त्यानं बोट फिरवत वाचले.
सातवा, शेवटच्या बोटीचा,
उजव्या कडेच्या पलीकडे राहिला.
खाली बारीकशी राखाडी पट्टी होती,
पण पान आडवंही सरकतं
हे त्याला कोण सांगणार?
कागद संपला की पान संपतं, इतकं साधं.

तो बाकावर बसला.
बोटीनं भोंगा दिला, दिवे लावून ती गेली.
त्याला वाटलं, मालाची असेल.
मासा मांजरानं खाल्ला.

तक्रार त्यानं केलीच नाही.
मी वायर बदलायला गेलो तेव्हा सहज विचारलं त्यानं,
"हिवाळ्यात बोटी लवकर बंद करतात का रे हल्ली?"

मी लेलोला सांगितलं. ती गप्प.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे;
पण पाय आपले
आणि अंथरूण दुसऱ्याचं असेल तर?

दुसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन दारात.
"तो जाड्या आहे का अजून, कुणी नेत नाही तो?"
होता, मागच्या खोलीत, ताडपत्रीखाली,
धक्क्यावरच्याचाच जुळा भाऊ.
किंमत विचारली. म्हटलं,
नेतेयस म्हणून मीच तुला काही द्यायला हवं.
जिन्यात दोनदा टेकवला,
माझी पाठ आठवडाभर बोलत होती.

आता तिच्या टेबलावर दोन आहेत.
मोठ्यावर ती घडवते.
मग उठून बुटक्या स्टुलावर बसते,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढते,
बोट फिरवत वाचते, आउगुस्तसारखं, सावकाश.
उजव्या कडेनं काही गिळलं असेल
तर पुन्हा पहिल्यापासून.

शेवटची बोट आता पहिल्या रकान्यात आहे.

गिऱ्हाईक विचारतं, किती इंच घेऊ?
मी इंच सांगतो, ठिपके सांगतो, जाळं सांगतो,
मग विचारतो: दाखवणार कुणाला?
बहुतेक जण किमतीच्या चिठ्ठीकडे बघतात.

परवा आउगुस्त भेटला, साल्मे बरोबर होती,
तिच्या हातात काठी, याच्या हातात पिशवी.
"वेळापत्रक बरं झालंय," म्हणाला.
"पण डावीकडे ते निळं होतं ना,
ते का काढलं तिनं?"